वाळूच्या खड्ड्यातून मुक्तीकडे : पंडिता रमाबाईंची आशा

आजचा शास्त्रभाग : रोमकरांस पत्र, अध्याय ५, वचने १ ते ५



आजच्या शास्त्रभागात पौल एक साखळी मांडतो. संकटातून धीर येतो, धीरातून पारखलेलं शील तयार होतं आणि त्या शीलातून आशा. वाचायला हे सोपं वाटतं. मी स्वतः संडे स्कूलमध्ये हे पाठ करून बक्षीस मिळवलं होतं. पण गेल्या सात आठवड्यांपासून मी या पाच वचनांपुढे रोज सकाळी बसतोय आणि रोज पहिल्याच कडीवर अडकतोय. कारण सांगतो. मी ज्या कंपनीत काम करत होतो तिथून आमच्या अख्ख्या टीमला एका दुपारी पंधरा मिनिटांच्या कॉलवर निरोप मिळाला. घराचे हप्ते चालू आहेत, मुलगी यंदा पहिलीत गेली. रोज इंटरव्ह्यू, रोज वाट बघणं. मंडळीतले लोक प्रेमाने विचारतात, मी हसून सांगतो, प्रभू करील. आणि घरी येऊन रात्री छताकडे बघत पडतो.

म्हणून आज स्वतःबद्दल जास्त न लिहिता मी तुम्हाला एका बाईंची गोष्ट सांगणार आहे. पुण्याहून सोलापूरच्या बाजूला माझ्या आजोळी जाताना गाडी केडगाव स्टेशनवरून जायची. आजी प्रत्येक वेळी खिडकीतून बोट दाखवायची आणि सांगायची, इथे रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. लहानपणी ते फक्त एक नाव होतं. या सात आठवड्यांत मी पहिल्यांदा त्यांचं चरित्र सावकाश वाचलं.

जंगलातली शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला, पश्चिम घाटातल्या गंगामूळ नावाच्या जंगलातल्या ठिकाणी, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे, चित्पावन ब्राह्मण आणि मोठे संस्कृत पंडित. तरुणपणी पुण्यात शिकत असताना पेशव्यांच्या घरातल्या बाईंना संस्कृत म्हणताना त्यांनी ऐकलं होतं आणि तेव्हापासून त्यांच्या मनात बसलं होतं की आपल्या बायकोलाही शिकवायचं. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. भोवतालच्या लोकांना ते पटलं नाही. शेवटी ते पत्नी लक्ष्मीबाईंना घेऊन जंगलात राहायला गेले आणि तिथे त्यांनी तिला शिकवलं. पुढे याच आईने रमेला संस्कृत शिकवलं. छापील पुस्तक हातात न देता, तोंडी, पहाटे उठवून, श्लोकामागून श्लोक. हजारो श्लोक त्या मुलीला पाठ झाले.

रमा काही महिन्यांची असतानाच घरची मिळकत संपली आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. तिला वेताच्या टोपलीत घालून नेलं होतं. त्यानंतर या कुटुंबाला कायमचं घर असं कधी मिळालंच नाही. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला पायी जायचं, देवळात पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर जगायचं.

दुष्काळ

रमाबाई साधारण सोळा वर्षांच्या असताना मद्रास इलाख्यात दुष्काळाचे दिवस आले. लोकांकडेच खायला नव्हतं, पुराण ऐकून दक्षिणा कोण देणार? या घरातली माणसं विद्वान होती, पण मजुरी त्यांना येत नव्हती आणि त्यांच्या समजुतीत ती बसतही नव्हती. भीक मागायची लाज. होतं ते विकलं, दागिने गेले, भांडी गेली. उपास, व्रतं, जप, दानं, जे जे सांगितलेलं होतं ते त्यांनी मनापासून केलं. मग एक दिवस असा आला की शेवटचे तांदूळही संपले. ते सगळे जंगलात गेले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडाचा पाला आणि थोडी रानटी खजुरं यावर काढल्या. म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या वडिलांनी पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. तेव्हा भाऊ श्रीनिवास पुढे आला. मी अभिमान सोडतो, मोलमजुरी करतो, अशा अर्थाचं तो बोलला आणि वडिलांनी तो विचार सोडला. पण शरीरात काही उरलं नव्हतं. थोड्याच दिवसांत वडील गेले.

त्यांनी शेवटी संन्यास घेतला होता, म्हणून त्यांना पुरायचं होतं. मदतीला कोणी आलं नाही. श्रीनिवासने वडिलांचा देह धोतरात बांधला आणि एकट्याने दोन मैलांहून जास्त वाहून नेला. पुढे थोड्याच आठवड्यांत आई गेली. खांदा द्यायला दोनच माणसं मिळाली. तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. तिची उंची कमी होती, तिरडी खांद्यावर घेतली तर तोल जायचा. म्हणून तिने ते लाकूड डोक्यावर घेतलं आणि आईला तीन मैलांवरच्या स्मशानात नेलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. सोळा वर्षांची मुलगी. माझी भाची सोळा वर्षांची आहे.

त्यानंतर मोठी बहीणही गेली. राहिले भाऊ आणि बहीण. हे दोघं दक्षिणेपासून उत्तरेला काश्मीरपर्यंत आणि तिथून पूर्वेला, चार हजार मैलांहून अधिक अंतर पायी चालले. झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नव्हतं. तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यात झोपले आणि फक्त डोकं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. अशी रात्र काढली. मला वाटतं, रमाबाईंच्या आयुष्यात पुढे जे काही झालं ते समजायचं असेल तर हा वाळूचा खड्डा विसरून चालणार नाही.

या चालण्यातच दोघांच्या मनातला जुना विश्वास हळूहळू विरत गेला. जे सांगितलं ते सगळं केलं, मग असं का झालं, हा प्रश्न होता. आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न काही एका धर्माच्या माणसाचा नाही. ईयोब हाच प्रश्न विचारत राखेत बसला होता. मीही रात्री छताकडे बघून हाच प्रश्न विचारतोय. दशमांश दिला, सेवा केली, रविवार चुकवला नाही, मग असं का?

पंडिता

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क झाले. तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. केशवचंद्र सेन यांनी तिला वेद वाचायला दिले, तेही बाईने वेद वाचू नयेत असं मानलं जायचं त्या काळात. कलकत्त्यातच ती पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याला गेली. लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बसले, तेव्हा तिला वाटलं की हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! तिला संस्कृतमधलं पवित्र शास्त्र भेट मिळालं, पण ती भाषा तिला इतकी वेगळी वाटली की वाचायची इच्छाच झाली नाही. पुढे जिने अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, तिची शास्त्राशी पहिली ओळख ही अशी!

मे १८८० मध्ये ढाक्यात श्रीनिवास गेला. आता रक्ताचं कोणीच उरलं नाही. त्याच वर्षी रमाबाईंनी भावाचे मित्र बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं. ते बंगाली वकील होते, जातीने शूद्र मानले गेलेले. नोंदणी पद्धतीने लग्न झालं. दोघं आसामात सिलचरला राहिले. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. सिलचरच्या घरातच रमाबाईंना पुस्तकांमध्ये लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली आणि ती त्यांनी आवडीने वाचली. एक बॅप्टिस्ट मिशनरी घरी येऊन उत्पत्तीचं पुस्तक समजावून सांगायचे. पतीला मात्र बायकोने ख्रिस्ती होणं नको होतं.

फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने बिपिनबाबू गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या, कडेवर दहा महिन्यांची मुलगी आणि समाजाच्या नजरेत विधवा.

पुणे, इंग्लंड आणि बाप्तिस्मा

त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि इतर सुधारकांनी साथ दिली. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली आणि स्त्रीधर्मनीति हे मराठी पुस्तक लिहिलं. त्याच पुस्तकाच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचे पैसे उभे राहिले. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं.

१८८३ मध्ये छोट्या मनोरमेला घेऊन त्या वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींच्या मठात पोहोचल्या. पण वैद्यकी झाली नाही, कारण त्यांना कमी ऐकू येत होतं आणि ते वाढत चाललं होतं. एक दार असं बंद झालं. दरम्यान मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं एक घर दाखवलं. समाजाने वाईट म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत होते. रमाबाईंना हे नवीन होतं. या बायकांना एवढी दया का दाखवायची, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री वाचून दाखवली. विहिरीवर एकटीच भर दुपारी आलेली, लोकांनी वाळीत टाकल्यासारखी ती बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा प्रभू. रमाबाईंना हा प्रभू पटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. बाप्तिस्मा घेऊनही त्या कोणाच्या ताब्यात गेल्या नाहीत. शाकाहार सोडला नाही, वेश सोडला नाही. भगिनींशी आणि धर्मपंडितांशी त्या शिकवणीच्या एकेका मुद्द्यावर वाद घालत राहिल्या. कोणी सांगतं म्हणून मानायचं, हे त्यांनी केलंच नाही. आपल्याकडे मंडळीत प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला आपण लगेच गप्प करतो. त्याने निदान हा भाग वाचावा.

चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकून त्या १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या. रमाबाईंनी १८८७ मध्ये इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीबद्दल पुस्तक लिहिलं, अमेरिकाभर व्याख्यानं दिली, बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था उभी राहिली. आणि ११ मार्च १८८९ ला, म्हणजे बरोबर तीन वर्षांनी, मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचं लग्न झालं आणि सगळ्यांच्या त्या बाया झाल्या. १८९० मध्ये सदन पुण्याला आलं.

आठ वर्षांनंतर

आता मी ज्या भागाकडे येतोय त्याच भागासाठी खरं तर आजचा लेख लिहायला बसलो.

१८९१ चा काळ. रमाबाई तेहतीस वर्षांच्या. जगभर नाव झालेलं, संस्था चालू, बाप्तिस्म्याला आठ वर्षं झालेली. त्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हास्लम नावाच्या एका इंग्लिश पाळकाचं आत्मवृत्त आलं. हे पाळकसाहेब वर्षानुवर्षं चर्चमध्ये उपदेश करत होते आणि एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की ज्याच्याबद्दल आपण बोलतो त्याला आपण ओळखतच नाही. हे वाचून रमाबाई थांबल्या. त्यांनी स्वतःला तपासलं आणि जे दिसलं ते पुढे साक्षीत सरळ लिहून ठेवलं. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. बुद्धीला पटलं होतं, पण मनावरचं ओझं तसंच होतं. आणि मग त्यांनी काही वेगळं केलं का? नवीन व्रत, नवीन नियम? नाही. आपण काही करून देवाला मिळवू शकत नाही, हे मान्य करून त्यांनी स्वतःला त्याच्या हाती सोपवलं. त्यानंतर त्यांना जो आनंद झाला तो शेवटपर्यंत टिकला.

इंजिनिअर माणूस म्हणून मला याचा फार विचार करावासा वाटला. आम्ही कोड लिहितो तेव्हा टेस्ट पास झाली की समाधान मानतो. पण टेस्ट पास होणं वेगळं आणि प्रत्यक्ष लोड आल्यावर टिकणं वेगळं. माझा विश्वास टेस्टमध्ये पास होता. पगार दर महिन्याला जमा होत होता तोपर्यंत देव विश्वासू आहे असं मी दर रविवारी साक्षीत सांगितलं. सात आठवड्यांपूर्वी कळलं की मी देवावर टेकलो होतो की पगारावर, हे मी कधी तपासलंच नव्हतं.

संकटं थांबली का?

आता कोणी म्हणेल, खरा विश्वास मिळाला, म्हणजे पुढचं आयुष्य सुखाचं गेलं असेल. चला, बघू.

दोनच वर्षांत, १८९३ मध्ये, पुण्यात मोठं वादळ उठलं. शारदा सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, असा गवगवा झाला. रमाबाई कोणावर सक्ती करत नव्हत्या, पण आपल्या खोलीचं दार बंद करून प्रार्थना करायलाही त्या तयार नव्हत्या. वर्तमानपत्रांतून टीका झाली. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं. पालकांनी सुमारे पंचवीस मुली काढून नेल्या. ज्या पुण्याने डोक्यावर घेतलं होतं त्याच पुण्यात त्या एकट्या पडल्या.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी ऐकली आणि रमाबाईंना आपलं जंगल आठवलं, आई आठवली. हाताशी पैसे नव्हते. तरी त्या स्वतः तिकडे गेल्या, छावण्या बघितल्या, हाडाचा सापळा झालेल्या मुली बघितल्या आणि त्यांना घेऊन यायला लागल्या. सुमारे तीनशे मुली आणल्या. आणि नेमका त्याच वेळी पुण्यात प्लेग! शहरातल्या सदनात इतक्या मुली ठेवायला सरकारी परवानगी मिळेना. मग केडगावला फळबागेसाठी घेतलेली माळरानाची जमीन कामाला आली. तिथे आधी तंबू आणि झोपड्या, मग विहिरी, मग पक्क्या इमारती. त्या जागेचं नाव मुक्ती.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा पुन्हा मुली आल्या आणि मुक्तीतल्या माणसांची संख्या एकोणीसशेच्या घरात गेली. एवढ्या पोटांना रोज दोन वेळा! शेती, गाई, हातमाग, तेलघाणा, छापखाना, शिवण, सगळं मुलींनी शिकलं आणि चालवलं. आंधळ्या मुलींसाठी मनोरमाताईंनी ब्रेल शिकवायला सुरुवात केली. फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन झालं. ते फुलहॅमचं घर आठवतं ना? ते इथे उगवलं. आणि भर दुपारची ती विहीरही.

१९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेचं जे संजीवन आलं त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून मी इथे थांबत नाही. मला जास्त भिडतं ते त्यांचं शांत काम. रमाबाईंना वाटायचं की मराठी पवित्र शास्त्राची भाषा खेड्यातल्या साध्या बाईला जड जाते. पंचेचाळिशी ओलांडल्यावर, कानाने जवळजवळ ऐकू येत नसताना, त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि मूळ भाषांतून साध्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. वर्षानुवर्षं. खिळे जुळवणं, छापणं मुक्तीतल्या बायकाच करत होत्या. ज्या बायकांना कोणी अक्षर शिकवलं नव्हतं त्यांच्या हातून देवाचं वचन छापलं जात होतं.

आणि मग शेवटचा घाव. मनोरमाताई आईचा उजवा हात होत्या. परदेशात शिकून आलेल्या, शारदा सदन सांभाळणाऱ्या, गुलबर्ग्यालाही शाळा सुरू करणाऱ्या. पुढे सगळं त्याच बघतील, असं सगळ्यांना वाटत होतं. जुलै १९२१ मध्ये मिरजेला मनोरमाताई गेल्या, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता एकुलती एक लेक. तेवढ्यावरही रमाबाईंनी भाषांतराचं काम सोडलं नाही. ते पूर्ण केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र छापून बाहेर आलं १९२४ मध्ये. त्यांनी ते बांधलेलं पुस्तक हातात घेतलं नाही.

मग आशा म्हणजे काय?

प्रियांनो, आपल्या मोबाईलवर रोज सकाळी मेसेज येतात. विश्वास ठेवा, या आठवड्यात चमत्कार होईल. दहा जणांना पाठवा, दार उघडेल. मलाही गेल्या सात आठवड्यांत असे कितीतरी आले. पाठवणाऱ्यांचं प्रेम मी जाणतो. पण रमाबाईंचं आयुष्य त्या मेसेजमध्ये बसत नाही. ख्रिस्ती होण्याआधी त्यांनी माणसं गमावली आणि ख्रिस्ती झाल्यावरही गमावली. आधीही दुष्काळ होता, नंतरही होता. देव म्हणजे मृत्यू टाळायचा विमा असता तर मनोरमाताई वाचल्या असत्या.

फरक कुठे पडला तो बघा. पहिल्या दुष्काळात रमा जंगलात होती आणि कोणी येईल म्हणून वाट बघत होती. कोणी आलं नाही. दुसऱ्या दुष्काळात तीच रमा दुसऱ्या मुलींकडे आलेली व्यक्ती झाली. ज्या मुलीने आईची तिरडी डोक्यावर घेतली होती, तिनेच सुमारे तीनशे मुलींना उचललं. पौलाच्या साखळीतलं शील म्हणजे हेच असणार. रोमकरांस पत्रात पौल पुढे कारण देतो की ही आशा आपल्याला तोंडघशी पाडत नाही, कारण देवाची प्रीती आपल्या अंतःकरणात ओतली गेली आहे. इथे पौलाने परिस्थिती सुधारल्याचा पुरावा दिलेला नाही. त्याचा पुरावा आत ओतलेली प्रीती हा आहे. आणि ओतलेलं भांडं भरलं की सांडतंच. केडगावचं माळरान म्हणजे ते सांडलेलं.

मी हे लिहितोय तेव्हा माझ्या हातात ऑफर लेटर नाही. ते आल्यावर हा लेख लिहावा असं मनात आलं होतं, म्हणजे शेवट चांगला झाला असता. पण मग मी तीच चूक केली असती. त्याऐवजी गेल्या आठवड्यात मी एक छोटी गोष्ट केली. आमच्या त्याच टीममधला एक मुलगा, नोकरीची पहिलीच कंपनी, गावाकडे आईवडील त्याच्या पगारावर. त्याला मी घरी बोलावलं. आता रोज संध्याकाळी दोन तास आम्ही एकत्र इंटरव्ह्यूची तयारी करतो. बायको चहा देते, मुलगी मध्येमध्ये येऊन पाढे म्हणून दाखवते. माझी काळजी गेली असं नाही. पण रात्री छत बघायचं प्रमाण कमी झालंय, हे खरं. उठल्यावर वाटतं, आज तो पोरगा येणार आहे, त्याचं ते डेटाबेसचं राहिलंय.

तुम्ही कदाचित यापेक्षा मोठ्या संकटात असाल. हॉस्पिटलच्या बाकावर बसून हे वाचत असाल, किंवा घरात एक खुर्ची रिकामी झाली असेल. तुमच्या दुःखाला मी माझ्या हप्त्यांशी जोडणार नाही. एवढंच सांगतो, झेलमच्या काठी वाळूच्या खड्ड्यात झोपलेल्या त्या मुलीला प्रभू तेव्हाही ओळखत होता, ती त्याला ओळखत नव्हती तेव्हाही. तुम्हालाही ओळखतो.

मननासाठी

१. माझा विश्वास देवावर टेकलेला आहे की देवाने दिलेल्या गोष्टींवर? कोणती गोष्ट गेली तर माझी साक्ष बंद होईल?

२. रमाबाईंनी आठ वर्षांनंतर स्वतःला तपासलं. मी शेवटचं कधी तपासलं?

३. माझ्या दुःखासारखंच दुःख आज कोण सोसत आहे? त्याच्याकडे मला जाता येईल का?

प्रार्थना

हे दयाळू स्वर्गीय पित्या, तू तुझी दासी रमाबाई हिला भुकेतून, एकटेपणातून आणि वियोगातून चालवलंस आणि तिच्या हातून हजारोंना भाकर आणि तुझं वचन दिलंस, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. आमचा विश्वास किती उथळ आहे हे तू आम्हाला दाखवतोस तेव्हा आम्हाला घाबरू देऊ नको. ज्यांची कामं गेली आहेत, जे आजारी आहेत, ज्यांच्या घरात शोक आहे, त्यांच्याजवळ तू राहा. आमच्या अंतःकरणात तुझी प्रीती ओत आणि ती दुसऱ्यांपर्यंत वाहू दे. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.